गाडी दुरुस्तीस गेली असतां भाड्याचा खर्च कोणीं सोसावा?

मोटार ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिली नाहीं, असें आम्हीं म्हटलें तर सुज्ञ वाचक आम्हांस दोष देणार नाहींत. वृद्ध आईस बीडहून अंबाजोगाईच्या रुग्णालयांत न्यावयाचें, सुनेस नोकरीच्या गांवीं पोंचवावयाचें, हीं सारीं कामें एकत्र कुटुंबांत पुष्कळदां एकाच गाडीवर चालतात. ती धुळें-सोलापूर महामार्गावर आपल्या बाजूनें नीट जात असतां मागून मालमोटारीनें धडक दिली, तर मोडलेला पत्रा सर्वांस दिसतो. परंतु गाडी महिनाभर दुरुस्तीस पडून राहते, त्या काळांतील भाड्याचा खर्च मात्र कोणाच्या हिशेबांत येत नाहीं.

वाहनाच्या दोषाचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत वेसण तुटणें, जूं मोडणें इत्यादि दहा प्रसंगीं दंड नाहीं असें सांगून, सारथी अकुशल असल्यास धन्यास दोनशें पण दंड सांगितला आहे; सारथी कुशल असल्यास दंड त्याचा त्यालाच. आजचा मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या १४६ व्या कलमानें परक्याच्या हानीचा विमा प्रत्येक वाहनास सक्तीचा केला आहे. म्हणून निरपराध माणसानें चालक, मालक व त्यांची विमा कंपनी या तिघांविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. तो आपण राहतों त्या ठिकाणींही करतां येतो. अपघात परजिल्ह्यांत झाला म्हणून तिकडे हेलपाटे घालावे लागत नाहींत. अपघातापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज करण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, तेव्हां दिरंगाई करूं नये.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोष सिद्ध न करतां भरपाई देणारें १६४ वें कलम मृत्यूस पांच लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये देतें. गाडीच्या नुकसानीशीं त्याचा संबंध नाहीं. गाडीसाठीं व भाड्यासाठीं समोरच्याचा दोष दाखवावाच लागतो. शिवाय भाड्याची मागणी हमखास मान्य होतेच असें नाहीं. सारी भिस्त पुराव्यावर. पोलिसांतील नोंद, जागेवरील छायाचित्रें, गाडी केव्हां दिली व केव्हां मिळाली याचा दुरुस्तीवाल्याचा दाखला, आणि प्रत्येक फेरीची पावती जपून ठेवावी. भाड्याची गाडी आपल्या गाडीच्या तोडीची असावी, वरचढ नसावी, एस. टी. नें भागत असेल तेथें तिनेंच जावें. हानि आटोक्यांत ठेवणें हें निरपराध्याचेंही कर्तव्य आहे.

ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानें घेण्याचा मोह फार होतो. तिला भाड्याचा परवाना नसतो, आणि वाटेंत कांहीं घडल्यास विमा कंपनी हात वर करूं शकते. पिवळ्या पाटीवर काळीं अक्षरें असलेलीच टॅक्सी घ्यावी.

आपल्या स्वतःच्या विम्यांतून दुरुस्ती लवकर होते. पण साधारण विम्यांत भाड्यासारखी मागाहूनची हानि धरलेली नसते, आणि दावा न केल्याबद्दल मिळणारी, पुढें ५० टक्क्यांपर्यंत जाणारी सवलतही जाते. जादा हप्ता भरून दैनिक भत्त्याचें कलम कांहीं कंपन्या देतात. तें ठराविक दिवसांपुरतेंच असतें.

विलायतेंत अशा वेळीं उधारीनें गाडी देऊन भाडें दोषी पक्षाच्या कंपनीकडून वसूल करणाऱ्या पेढ्याच आहेत. लॅग्डन विरुद्ध ओ'कॉनर या खटल्यांत २००३ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें असें ठरविलें कीं, रोख भाडें भरण्याची ज्याची ऐपत नाहीं त्यास उधारीचा चढा दरही मिळूं शकतो. तरी तेथील आपल्या मुलाबाळांनीं करार वाचल्यावांचून सही करूं नये. वसूल न झालेली रक्कम आपल्याच माथीं येऊं शकते.

हक्काचें मागण्यांत संकोच कसला? निरपराध गृहस्थानें भिडेपोटीं गप्प बसावें आणि त्याची झीज घरांतील म्हातारीच्या औषधांस लागावी, हें सौजन्य नव्हे. म्हणून आजच विम्याचा कागद बाहेर काढून घरांतील सर्वांसमक्ष एकदां वाचावा, एवढीच आमची विनंती.