छायाचित्रांची स्पर्धा आणि पांजरपोळाचा चारा

आपल्या घरच्या कुत्र्याचें, मांजराचें किंवा बैलाचें छायाचित्र काढून तें स्पर्धेस पाठवावयाचें, आणि त्या स्पर्धेच्या उत्पन्नांतून निराधार जनावरांच्या आश्रयस्थानास मदत करावयाची, ही पद्धत परदेशांत व आपल्याकडील मोठ्या शहरांतही दिसूं लागली आहे. वरवर पाहतां ती निव्वळ हौस वाटते. परंतु तिच्या मागचा हिशोब पिंपळगांवासारख्या बाजारपेठेंत वाढणाऱ्या मुलांना चटकन् समजण्याजोगा आहे.

स्पर्धेची घडण साधी असते. प्रत्येक चित्रामागें अल्प प्रवेशशुल्क घेतात. मग चित्रें मांडून पाहणाऱ्यांचीं मतें मागवितात, व कित्येक ठिकाणीं प्रत्येक मतासही कांहीं रक्कम घेतात. निवडक बारा चित्रांची दिनदर्शिका छापून विकतात. कागद, छपाई व बक्षिसें यांचा खर्च वजा जातां जें उरेल तें आश्रयस्थानाचें. पैसे देऊन मत टाकण्याची ही रीत मला थोडी खटकते. कारण ज्याचे आप्तेष्ट अधिक त्याचेंच मांजर सुंदर ठरावयाचें! म्हणून लोकमताचें बक्षीस निराळें व परीक्षकांचें निराळें ठेवावें, हें बरें.

अशा आश्रयस्थानाचें आपल्याकडील जुनें नांव पांजरपोळ. मुंबईंत १८३२ सालीं भटकीं कुत्रीं मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगा उसळला. त्यांत पारशी मंडळी पुढें होती. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई व कांहीं गुजराती व्यापारी यांच्या पुढाकारानें भुलेश्वर भागांत पांजरपोळ स्थापन झाला. आपल्या जिल्ह्यांतील नासिक पंचवटी पांजरपोळ १८७८ सालचा; चुंचाळें शिवारांतील त्याची विस्तीर्ण जमीन व झाडी प्रसिद्ध आहे.

या संस्था इतकीं वर्षें टिकल्या त्या कशावर? मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं कापूस, अफू इत्यादि मालावर आपण होऊन लागा बसविला होता. माल हलला कीं धर्मादायाचे थोडे पैसे बाजूस पडत. देणाऱ्यास तें जाणवत नसे, आणि घेणाऱ्यास मात्र नित्याचा आधार होई. कांद्याच्या लिलावानंतर हिशोबपट्टी वाचलेल्या पालकांस यांत नवल वाटावयाचें नाहीं. स्पर्धेचें उत्पन्न वळवाच्या पावसासारखें, तर लाग्याचें विहिरीसारखें. जनावराचें पोट मात्र रोजचें. सुमारें ३०० किलो वजनाच्या गायीस तिच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के, म्हणजे रोज साडेसात ते नऊ किलो कोरडा चारा लागतो. वर्षास हा आंकडा पावणेतीन ते सव्वातीन टनांवर जातो. ती दूध देईनाशी झाली तरी चारा लागतोच. त्यांतून महाराष्ट्रांत २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी असल्यामुळें, कामांतून गेलेल्या बैलास कोणीं पोसावें हा प्रश्न शेतकऱ्याच्या दारांतच उभा आहे. एका स्पर्धेनें तो सुटणार नाहीं. पण उन्हाळ्यांतल्या एखाद्या महिन्याची वैरण निघाली तरी तें थोडें नव्हे.

आतां चित्राविषयीं. बहुतेक जण उभ्यानें, वरून खालीं पाहत चित्र घेतात. त्यामुळें कुत्र्याचें डोकें मोठें व पाय आंखूड येतात. खालीं बसून, जनावराच्या डोळ्यांच्या पातळीवरून घ्यावें. सकाळची सांवली उत्तम. इगतपुरीकडील डांगी जनावर काळें-पांढरें असतें. भर दुपारच्या उन्हांत त्याचा पांढरा रंग भगभगतो व काळा काजळासारखा बुजून जातो. अंधारांत डोळ्यांवर एकदम दिवा पाडूं नये, जनावर बुजतें. टोपी, चष्मा घालून त्याचें सोंग करणें तर मुळींच नको. असलीं चित्रें परीक्षकांनीं बाद करावींत. बाकी सारें काम धीराचें. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं, आपल्या पहिल्या बोलपटापूर्वीं नव्हे, तर मूकपटाच्याही आधीं, वाटाण्याचें रोप वाढतांना दिवसामागून दिवस टिपलें होतें. वासरूं कान टवकारीपर्यंत आपल्याला पाव तास थांबतां येऊं नये काय?

एक अडचण मात्र या स्पर्धांत हटकून राहते. पोळ्याच्या दिवशीं झूल, बाशिंग व रंगविलेलीं शिंगें मिरविणाऱ्या बैलाचें चित्र सगळेच काढतात. ज्याच्यासाठीं पैसा जमवावयाचा, तो पांजरपोळांतला लंगडा बैल, फुटक्या डोळ्याची म्हैस, खरजेनें केंस झडलेलें कुत्रें, यांचें चित्र कोणी काढीत नाहीं. त्यांना घर नाहीं, मग छायाचित्रकार कोठून असणार? तेव्हां स्पर्धा भरविणाऱ्यांनीं आश्रयस्थानांतील जनावरांचा एक स्वतंत्र वर्ग ठेवावा. त्यासाठीं प्रवेशशुल्क घेऊं नये. विद्यार्थ्यांना एका सकाळीं तेथें नेऊन चित्रें काढूं द्यावींत. आणि प्रदर्शनांत प्रत्येक चित्राखालीं त्या जनावराचें नांव, तें तेथें कसें आलें, आणि त्याला रोज किती किलो चारा लागतो, एवढें ठळक अक्षरांत लिहावें.