कागदावरून टेबलावर : जे रणगाडे कधी रणात उतरलेच नाहीत

१९१५ सालच्या जानेवारीत रशियाचा झार दुसरा निकोलस राजवाड्यातल्या गालिच्यावर गुडघे टेकून खेळण्यात रमला होता, असे सांगितले जाते. खेळणे आणले होते निकोलाय लेबेदेन्को नावाच्या अभियंत्याने. ग्रामोफोनच्या स्प्रिंगवर चालणारी ती लाकडी गाडी होती. पुढे दोन अवाढव्य चाके आणि मागे शेपटीच्या टोकाला एक छोटे रूळचाक. झारने वाटेत कायद्याच्या संहितेचे जाडजूड खंड मांडले आणि गाडी ते एकामागून एक ओलांडत गेली. खूश झालेल्या सम्राटाने दोन लाखांहून अधिक रूबल मंजूर केले. या प्रसंगावर दंतकथेचा थोडाफार मुलामा चढला असेलही, पण पुढे जे झाले ती दंतकथा नाही. मॉस्कोच्या उत्तरेला दिमित्रोवजवळच्या जंगलात नऊ मीटर व्यासाच्या चाकांचे एक यंत्र खरोखर उभे राहिले. ऑगस्ट १९१५ मध्ये ते चालवून पाहिले. थोडे अंतर गेल्यावर मागचे चाक मऊ जमिनीत रुतले आणि काही केल्या निघेना. कित्येक वर्षे ते तिथेच उभे होते. १९२३ साली ते मोडीत काढले.

प्रतिकृतींचा छंद असणाऱ्या माणसाने ही गोष्ट ऐकली की त्याला आधी हसू येते आणि मग थोडी लाज वाटते. कारण त्या लाकडी गाडीने केलेली फसवणूक आपल्या टेबलावर रोज चालू असते.

ही फसवणूक साध्या गणिताची आहे. एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी तीस पट लहान केली, तर तिचे क्षेत्रफळ नऊशे पटींनी घटते आणि वजन सत्तावीस हजार पटींनी. म्हणजे जमिनीवर पडणारा दाब तीसपट कमी. गालिच्यावरच्या गाडीखाली जमीन तीसपट घट्ट होती म्हणा ना! शिवाय गाडी लाकडाची, म्हणजे दाब त्याहूनही कमी. झारला दिसले ते खोटे नव्हते, पण ते फक्त त्या आकारापुरते खरे होते. आकार बदलला की निसर्गाचे नियम तेच राहतात, हिशेब मात्र बदलतो. लेबेदेन्कोच्या सोबत निकोलाय झुकोव्स्कीसारखा वायुगतिशास्त्राचा आद्य पुरुष होता, तरीही हे घडले.

आज अशा रणगाड्यांच्या प्रतिकृती जगभर बनतात त्या बहुधा १:३५ या प्रमाणात. हा आकडा कुठल्या शास्त्रातून आलेला नाही. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६१ च्या सुमारास जर्मन पँथर रणगाड्याचे किट काढले. ते मोटरवर चालणारे होते, म्हणून आत मोटर आणि सेल मावतील एवढे धड ठेवले. नंतर मोजून पाहिले तेव्हा प्रमाण साधारण १:३५ निघाले, आणि सेलच्या आकाराने ठरवलेला तो आकडा पुढे सगळ्या जगाने स्वीकारला. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाहून उंच असतो आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. इथे मात्र पाऊण मिलिमीटर चुकला तरी झोप लागत नाही. पावणेपाच फुटांचा माणूस १:३५ मध्ये चार सेंटीमीटरचा होतो. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण साडेसतरा मिलिमीटरचा खडा होतो. रणगाड्याच्या पट्ट्यावर चिखल दाखवायला अंगणातली माती तशीच वापरली, तर रणगाडा खडी फोडायच्या खाणीतून आल्यासारखा दिसतो. ती वस्त्रगाळ करून घ्यावी लागते.

हजारोंनी बनलेल्या रणगाड्याची प्रतिकृती करणे तुलनेने सोपे असते. शेरमन किंवा टी-३४ ची हजारो छायाचित्रे आहेत, कारखान्यांचे आराखडे आहेत, संग्रहालयांत प्रत्यक्ष रणगाडे उभे आहेत. जे रणगाडे एक-दोन नमुन्यांपलीकडे गेलेच नाहीत त्यांच्याबाबतीत प्रतिकृतिकाराला इतिहासकाराचे काम करावे लागते, आणि खरी परीक्षा तिथेच असते. आराखड्यात जे होते आणि प्रत्यक्षात जे बनले त्यांत फरक असतो. छायाचित्र एकाच बाजूचे असते. दुसऱ्या बाजूला काय होते, हे कुणीतरी ठरवावे लागते. आणि आपण ठरवले, हे लपवायचे की सांगायचे, हेही.

'माऊस' घ्या. फर्डिनांड पोर्शेच्या या रणगाड्याला उंदराचे नाव दिले तो जर्मन विनोद असावा. वजन १८८ टन. मे १९४३ मध्ये हिटलरला दाखवली ती पूर्ण आकाराची लाकडी प्रतिकृती. म्हणजे इथेही आधी लाकूडच. त्याला वाहून नेण्यासाठी चौदा आसांचा खास रेल्वे वाघिणीचा सांगाडा बनवावा लागला. बहुतेक पूल त्याला पेलणारे नव्हते, म्हणून त्याने नदीच्या तळातून जायचे आणि काठावरच्या दुसऱ्या माऊसने केबलमधून त्याला वीज पुरवायची, अशी योजना होती. १:३५ मध्ये हा रणगाडा तोफेसकट २९ सेंटीमीटरचा होतो. अस्सल पोलादाचा, आतून-बाहेरून तंतोतंत केला तर त्याचे वजन भरेल जेमतेम ४ किलो ३८० ग्रॅम. तुमच्या टेबलावरचा माऊस कुठलाही पूल ओलांडू शकतो.

धावू शकतील असे दोनच माऊस बनले. पहिल्यावर घुमटाच्या जागी नुसते वजन ठेवले होते. १२८ मिलिमीटरच्या तोफेचा खरा घुमट मिळाला तो दुसऱ्याला. पहिल्यावर चाचणीच्या काळात विळा-हातोड्याची सोव्हिएत चिन्हे रंगवलेली छायाचित्रांत दिसतात. हा बहुधा शत्रूकडून पकडून आणलेला रणगाडा वाटावा म्हणून. युद्ध संपताना जर्मनांनी दुसरा सुरुंगाने उडवला. धड फुटले, घुमट वाचला. सोव्हिएत सैन्याने तो सुमारे ५५ टनांचा घुमट उचलून पहिल्याच्या धडावर बसवला आणि १९४६ साली सगळे रशियात नेले. मॉस्कोजवळच्या कुबिन्का संग्रहालयात आज उभा असलेला 'माऊस' असा दोघांचा मिळून एक आहे. अशा रूपात तो जर्मनीत कधीच नव्हता.

हे कळल्यावर प्रतिकृतिकारापुढे पेच उभा राहतो. संग्रहालयातल्या वस्तूसारखी हुबेहूब प्रतिकृती केली तर ती १९४६ नंतरची झाली. १९४४ चा माऊस करायचा तर घुमट असलेला की नसलेला, हे आधी ठरवावे लागते. मी पहिला माऊस केला तेव्हा हे काही माहीत नव्हते. किटच्या खोक्यावर जळत्या गावातून शत्रूवर तोफ डागणारा माऊस रंगवलेला होता. मी त्याला गोळ्यांचे व्रण दिले, गंज दिला, धुराचे काळे ओघळ दिले. जो रणगाडा चाचणीच्या मैदानापलीकडे फारसा गेला नाही, त्याला मी शूर केले. आज ते व्रण मला खोट्या साक्षीसारखे वाटतात, आणि नाझी राजवटीच्या यंत्राच्या बाजूने दिलेल्या साक्षीसारखे, हे जास्त बोचते. छंदातल्या लोकांत 'पेपर पॅन्झर' हा शब्द प्रचलित आहे. कागदावरचेच, पण १९४६ पर्यंत युद्ध चालले असते तर, अशी कल्पना करून रंगवलेले. ही कल्पनाशक्ती निरागस आहे असे अनेक जण मानतात. मला तसे मानता येत नाही. 'चालले असते तर' म्हणताना आणखी किती लोक मेले असते, हा हिशेब त्या खोक्यावर नसतो.

'रात्ते' नावाच्या हजार टनी आराखड्याचेही किट निघाले आहे. नौदलाच्या २८० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि सगळी हवाच. अल्बर्ट श्पेअरने १९४३ मध्ये तो प्रकल्प बंद केला. याहून ई-१०० चे प्रकरण अधिक गंभीर. त्याचे अर्धवट धड युद्धाच्या अखेरीस हाउस्टेनबेक येथे दोस्तांच्या हाती लागले. त्यावर घुमट नव्हताच. तरीही किटमध्ये घुमट येतो. प्रामाणिक प्रतिकृतिकार तो खोक्यातच ठेवतो.

सगळेच फसलेले रणगाडे मूर्खपणाचे नव्हते. लेनिनग्राडच्या कारखान्यात १९५९ मध्ये तयार झालेला 'ऑब्जेक्ट २७९' हा त्रोयानोव्हचा रणगाडा साठ टनांचा, पण दोनऐवजी चार पट्ट्यांवर चालणारा. त्यामुळे जमिनीवरचा दाब चौरस सेंटीमीटरला ०.६ किलोच्या आसपास. लेबेदेन्कोला जे उमगले नाही त्याचेच हे उत्तर म्हणता येईल. अणुस्फोटाच्या लाटेने उलटू नये म्हणून धडाभोवती बशीसारखे वळणदार कवच. मात्र चार पट्ट्यांमुळे वळणे जड जाई आणि आतल्या पट्ट्यांची दुरुस्ती त्रासदायक होती. पुढे ख्रुश्चेव्हने ३७ टनांवरचे रणगाडे नकोत म्हटले आणि विषय मिटला. त्या वळणदार पृष्ठभागावर रंगाचा हात मारताना जी धांदल उडते ती मी वेगळी लिहायला हवी. ब्रशची एक रेघ दिसली की सगळी बशी बिघडते.

पृष्ठभागाचे शिक्षण मात्र घरबसल्या होत नाही. त्यासाठी मी अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जातो. तिथे प्रायोगिक जर्मन राक्षस नाहीत, पण माटिल्डा आणि सेंच्युरियन आहेत. ओतीव पोलादाचा खरबरीतपणा, जोडाची ओबडधोबड शिवण, उन्हाने फिका पडलेला हिरवा रंग, हे सगळे हाताच्या अंतरावर. ओतीव पोत दाखवायला प्लॅस्टिकवर पातळ द्रव पुट्टीचे ठिपके कडक ब्रशने ठोकायचे आणि सुकण्याआधी थांबायचे, हे मला पुस्तकातून नव्हे, माटिल्डाच्या घुमटाकडे पाहून समजले. आपल्याकडचा टँक-एक्सही याच जातीचा: टी-७२ च्या धडावर अर्जुनचा घुमट. नमुने झाले, सैन्याने घेतला नाही. त्याचे किट बाजारात नसले तरी दोन किटे जोडून तो करता येतो, आणि इथे जोडणे ही लबाडी नाही, कारण मूळही जोडलेलेच होते.

सध्या टेबलावर आहे अमेरिकेचा टी-२८. ८६ टन, समोरचे चिलखत ३०५ मिलिमीटर, दोन्ही बाजूंना दुहेरी पट्टे. बाहेरचे पट्टे सोडवून एकमेकांना जोडले की मागून ओढून नेता येत. घुमटच नाही, त्यामुळे रणगाडा म्हणावा की फिरती तोफ, यावरही त्या काळी नामांतरे झाली. दोनच बनले. एक १९४७ मध्ये चाचणीत इंजिनला आग लागून गेला. दुसरा कुणाच्या लक्षातून उतरला तो थेट १९७४ मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉयरच्या मागच्या एका रानात सापडला. एवढे मोठे धूड सत्तावीस वर्षे विसरले कसे, हा प्रश्न मला त्या तोफेपेक्षा जास्त गुंतवतो.

म्हणून या वेळी किटमधले सैनिक मी खोक्यातच ठेवले आहेत. वाळलेल्या नारळाच्या काथ्याचे तंतू कापून गवत केले आहे, सुक्या शेवग्याच्या पानांचा चुरा पट्ट्यांच्या खोबणीत भरला आहे. गंज अजून एक थर हवा. तो उद्या सकाळच्या उजेडात देईन.