शर्यत संपल्यानंतरच्या फेऱ्या

जुन्या काळच्या मिजेट या शर्यतीच्या छोट्या गाडीला स्टार्टर नसतो, क्लचही नसतो. मागून एक ट्रक बंपर टेकवून ढकलू लागतो. चालक गाडी गिअरमध्ये टाकून बसलेला असतो. चाकांबरोबर इंजिन फिरतं, पण इग्निशन अजून बंद. नजर ऑइल प्रेशरच्या काट्यावर. काटा वर सरकला की मॅग्नेटोचा स्विच चालू होतो आणि चार सिलिंडरचं ऑफनहाउझर इंजिन एकदम गरजतं. चालक कितीही पट्टीचा असो, कुणीतरी ढकलल्याशिवाय त्याची गाडी हलत नाही. अमेरिकेतल्या ओव्हल ट्रॅकवरच्या जुन्या गाड्यांच्या छंदाचं मर्म मला इथेच दिसतं.

विस्कॉन्सिनच्या मिलवॉकी माइल या ट्रॅकवर मोटारींची पहिली शर्यत १९०३ मध्ये झाली. मिजेट गाड्या १९३३ पासून कॅलिफोर्नियात धावू लागल्या. ट्रॅक लंबवर्तुळाकार, वळायचं ते फक्त डावीकडे. मातीवर मागची चाकं घसरत असतात आणि पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला धरावी लागतात. त्या काळच्या गाडीला वरून पिंजरा नव्हता. चालकाचं डोकं आणि खांदे उघडे. पेनसिल्व्हेनियातला लँगहॉर्नचा ट्रॅक तर जवळजवळ गोल होता, म्हणजे हाताला क्षणाची उसंत नाही. इंडियानापोलिस ५०० चा १९५८ चा विजेता जिमी ब्रायन १९६० मध्ये तिथेच शर्यतीत मरण पावला. १९७१ मध्ये तो ट्रॅक बंद झाला. आज त्या जागी दुकानं आहेत.

त्याच गाड्या आज पुन्हा बाहेर निघतात. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क स्प्रिंग्जजवळ ईस्टर्न म्युझियम ऑफ मोटर रेसिंगचा अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक आहे. तिथे या गाड्या फेऱ्या मारतात, पण त्यांना शर्यत म्हणत नाहीत. बक्षीस नाही, क्रमांक नाही. हा नियम काहींना मिळमिळीत वाटतो. मला तो छंदाचा कणा वाटतो. एकाला ईर्षा चढली की दुसऱ्याची सत्तर-ऐंशी वर्षं जपलेली गाडी भिंतीवर जाते, आणि तिचे सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. म्हणून पुढच्याने हात करून वाट दिल्याशिवाय ओलांडायचं नाही, पिवळा झेंडा दिसला की पाय उचलायचा. मालकाला विचारल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. हा झाला पहिला आदर, गाडीचा आणि मालकाचा.

दुसरा आदर सचोटीचा. मूळ चासी कोणती, नव्याने घडवलेला पत्रा कोणता, हे मालकाने आपणहून सांगावं. नक्कल करण्यात कमीपणा नाही. नक्कल मूळ म्हणून खपवण्यात मात्र आहे.

तिसऱ्या आदराबद्दल, वगळलेल्यांच्या आठवणीबद्दल, फार थोडे बोलतात. एएए (अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन) या संघटनेच्या शर्यतींत कृष्णवर्णीय चालकांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी १९२४ मध्ये इंडियानापोलिसच्या जत्रेच्या मैदानावर शंभर मैलांची वेगळी शर्यत उभी राहिली, गोल्ड अँड ग्लोरी. चार्ली विगिन्स हा मेकॅनिक स्वतः बांधलेल्या गाडीतून ती चार वेळा जिंकला. १९३६ च्या अपघातात त्याचा पाय गेला. त्यानंतरही तो गाड्या बांधत राहिला, तरुणांना शिकवत राहिला. चकचकीत रंगाच्या गाडीशेजारी एक फलक त्याच्या नावाचाही हवा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी एखादा रविवार अशा मेळाव्यासाठी राखून ठेवावा. मुलांना घेऊन पिटमध्ये जा, मालकाला नमस्कार करा, आणि आधी विचारा, ही गाडी कोणी बांधली?