‘ही आपली नव्हेच’: शापित घराणी आणि आयर्लंडच्या पऱ्या

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं शक्यतो तसंच ठेवलंय. उत्तरार्धात एका स्त्रीच्या हत्येचा तपशील आहे, त्यामुळे लहान मुलांना ऐकवण्याआधी स्वतः वाचून बघा.)



मागच्या भागानंतर एका ताईंचा मेसेज आला. त्यांची मुलगी अकरावीत आहे आणि सध्या एकाच प्रकारच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा फडशा पाडतेय. जुना अंधारा वाडा, त्यात एक शापित घराणं आणि त्या घराण्याच्या मागे लागलेल्या क्रूर पऱ्या. ताईंनी विचारलंय, “आमच्या लहानपणी पऱ्या कापसाच्या ढगावर बसायच्या, त्या एवढ्या दुष्ट कधी झाल्या?”

ताई, प्रश्न उलटा करून बघूया. पऱ्या आधीपासूनच भयंकर होत्या. गोड कधी झाल्या, ते विचारायला हवं. आणि हे सगळं नुसतं पुस्तकात राहिलं नाही, म्हणून आजचा भाग.

आधी ‘गॉथिक’ म्हणजे काय?

थोडक्यात सांगते. १७६४ साली होरेस वॉलपोल नावाच्या इंग्रज लेखकानं ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी छापली. लग्नाच्या दिवशी एक अवाढव्य शिरस्त्राण आकाशातून पडतं आणि घराण्याचा वारस त्याखाली चिरडून मरतो. का? तर पणजोबांनी ते राज्य विश्वासघातानं बळकावलं होतं. पूर्वजांनी केलं, नातवंडांनी भरलं. वाडा, वारसा आणि जुनं पाप, हा गॉथिकचा पाया. आपल्याला हे समजायला जड जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालणारा शाप, घराण्याला लागलेला दोष, हे आपण घरातच ऐकत आलोय.

या पायावर पऱ्यांची लोककथा बसवली की आजची ‘डार्क फँटसी’ तयार होते. ती इतकी चपखल का बसते, ते आता बघू.

परी नव्हे, ‘शी’

आपला ‘परी’ हा शब्द फारसीतून आलाय आणि तो सौंदर्य घेऊनच आलाय. आयर्लंडमधला शब्द आहे ‘शी’. त्याचा मूळ अर्थ टेकाड, उंचवटा. त्या टेकाडाखाली राहणारे लोक म्हणजेही ‘शी’. ते माणसाएवढेच असतात, त्यांना पंख नसतात. त्यांची गुरंढोरं असतात, लग्नं होतात, आपसात लढाया होतात. फुलपाखराचे पंख लावलेली बोटभर परी ही पुढे इंग्रजी रंगभूमीनं, चित्रकारांनी आणि व्हिक्टोरियन काळातल्या बालपुस्तकांनी रुजवली.

गावातले लोक त्यांचं नाव घेत नसत. ‘भली माणसं’ म्हणत. प्रेमानं नव्हे हं, धाकानं! आपल्याकडे रात्री सापाला ‘जनावर’ म्हणतात, देवीच्या रोगाला ‘देवी आल्या’ म्हणायचे, बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणतात, अगदी तसंच. ज्याची भीती वाटते त्याला मान द्यायचा.

आयर्लंडभर मातीच्या गोल बांधांचे हजारो जुने अवशेष आहेत. पुरातत्त्वाच्या हिशेबानं त्या मध्ययुगाच्या आरंभीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्या. पण लोक म्हणत, हे त्यांचे किल्ले. तिथलं झाड तोडू नये, बांध फोडू नये. नाहीतर गुरं मरतात, मूल आजारी पडतं. आपल्याकडे विहिरीवर साती आसरांचा मान ठेवतात, त्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि घराण्यांचं म्हणाल, तर ‘बॅन्शी’ म्हणजे शब्दशः ‘टेकाडातली बाई’. ती कुणाच्याही दारात रडत नाही. ठरावीक जुन्या आयरिश घराण्यांत कुणी मरणार असेल तेव्हाच तिचा आक्रोश ऐकू येतो, अशी समजूत.

न फुटलेला पेला

घराणं आणि पऱ्या यांची मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र इंग्लंडच्या उत्तरेकडची, कंबरलँडमधली. ईडनहॉल नावाच्या वाड्यात मस्ग्रेव्ह घराणं राहायचं. दंतकथा अशी की, जवळच्या विहिरीपाशी पऱ्या नाचत होत्या आणि घरातल्या एका नोकरानं त्यांचा काचेचा पेला उचलला. पऱ्यांनी जाताना बजावलं की हा पेला फुटला, तर ईडनहॉलचं नशीबही फुटेल.

पेला खरा आहे बरं का! चौदाव्या शतकातला, सीरिया किंवा इजिप्तमधल्या कारागिरांनी मिन्याचं काम केलेला. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, एकही तडा नाही. आणि वाडा? तो १९३४ साली पाडला गेला. पेला शाबूत, घर गेलं.

मला यातली मेख अशी वाटते. पऱ्यांनी दिलेलं ते वरदान होतं की शाप? पिढ्यान्‌पिढ्या एका काचेला जपत बसायचं, तिच्यावर अख्ख्या घराचं नशीब टांगायचं. पऱ्यांच्या गोष्टीत देणगी आणि धमकी एकाच ताटात वाढतात. म्हणून तर ती गॉथिक वाड्यात इतकी सहज बसते.

बदललेलं माणूस

पण वाडा, पेला हे झालं श्रीमंतांचं. गरिबाच्या घरात पऱ्यांची भीती वेगळी होती. ‘भली माणसं’ आपलं माणूस पळवून नेतात आणि त्याच्या जागी हुबेहूब दिसणारं दुसरं काहीतरी ठेवतात, ही ती भीती. कधी त्यांच्यातला एखादा म्हातारा, कधी मंत्रानं माणसासारखा दिसणारा लाकडाचा ओंडका. मूल अचानक खंगायला लागलं, बोलेना, चालेना, तर ‘हे आपलं नव्हेच’. तरुण बाई आजारातून उठली आणि वेगळी वागायला लागली, तरी तेच.

ही समजूत का टिकली असेल? डोळ्यांदेखत मूल हातचं जातंय आणि कारण कळत नाही, तेव्हा ‘आपलं बाळ टेकाडाखाली सुखरूप आहे’ ही कल्पना मोठा आधार असते. इथवर कुणाचं बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या पायरीवर. कारण बदललेल्याला पुरेसा त्रास दिला की तो पळून जातो आणि आपलं माणूस परत येतं, असंही लोक मानत. त्रास म्हणजे डिजिटॅलिससारखी विषारी वनस्पती पाजणं, लोखंड लावणं, आगीपाशी धरणं.

बॅलिव्हॅडली, मार्च १८९५

आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात बॅलिव्हॅडली नावाची छोटी वस्ती आहे. तिथे ब्रिजेट क्लिअरी राहायची. वय सव्वीसच्या आसपास. नवरा मायकेल पिपं बनवणारा. ब्रिजेट शिवणकाम करायची, तिच्याकडे सिंगरचं मशीन होतं. कोंबड्या पाळून अंडी विकायची, म्हणजे हातात स्वतःचे पैसे. कपडे टापटीप. लग्नाला सात वर्षं होऊन मूल नव्हतं. मंडळी, हे तपशील लक्षात ठेवा.

मार्चच्या सुरुवातीला ती अंडी पोचवायला गेली. तो भाग पऱ्यांच्या किल्ल्याजवळचा. परत आली ती थंडी वाजून, डोकं दुखत. आजार वाढला. निरोप देऊनही डॉक्टर यायला काही दिवस गेले. १३ मार्चला ते येऊन औषध देऊन गेले, धर्मगुरूही येऊन गेले. पण तोवर घरात एक वाक्य शिरलं होतं. ही आपली ब्रिजेट नव्हेच.

१४ मार्चच्या रात्री नातलगांनी तिला खाटेवर दाबून धरलं. दुधात उकळलेल्या वनस्पती जबरदस्तीनं पाजल्या. अंगावर मूत्र फेकलं. चुलीच्या आगीवर धरलं. आणि पुन्हा पुन्हा एकच विचारलं की, देवाची शपथ घेऊन सांग, तू मायकेलची बायको ब्रिजेटच आहेस ना? ती हो म्हणत होती. दुसऱ्या रात्री मायकेलनं पुन्हा तेच सुरू केलं, तिला खाली पाडलं, दिव्याचं तेल ओतलं आणि पेटवलं. घरात तिचे वडील आणि नातलग होते.

त्यानंतर मायकेल रात्री काळ्या मुठीची सुरी घेऊन त्या किल्ल्यावर वाट बघत बसला. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल, दोर कापला की सुटेल, म्हणून. २२ मार्चला पोलिसांना उथळ खड्ड्यात तिचा मृतदेह सापडला. जुलैत क्लोनमेलच्या कोर्टात मायकेलला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा झाली. १९१० साली तो सुटला आणि पुढे कॅनडाला निघून गेला.

तेव्हा आयर्लंडच्या स्वराज्याचा वाद पेटला होता. विरोधी वर्तमानपत्रांनी लगेच लिहिलं, बघा, असले अडाणी लोक राज्य काय चालवणार! ब्रिजेट बाजूलाच राहिली. १९९९ साली अँजेला बर्क या अभ्यासक बाईंनी तिच्यावर पुस्तक लिहून तिला पुन्हा मध्यभागी आणलं. त्यांनी दाखवून दिलं की पऱ्यांची भाषा ही गावात जो वेगळा आहे त्याच्याकडे बोट दाखवण्याचीही भाषा होती. आता ते शिवणाचं मशीन, स्वतःचे पैसे, मूल नसणं आठवा.

आणि आपल्याकडे?

२०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याची अनुसूची एकदा वाचा. पहिल्याच कलमात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, तापवलेल्या वस्तूचे चटके देणं, तोंडात मूत्र घालणं, हे सगळं मोजून लिहिलंय. बॅलिव्हॅडलीच्या त्या खोलीची यादीच जणू. ‘लागिरं’, ‘बाहेरचं’ हे आपले शब्द, पण वाक्य तेच. ही आपली नव्हेच.

मग ही पुस्तकं वाचायची की नाही?

ताई, मुलीला खुशाल वाचू द्या. फक्त पुढचं पुस्तक म्हणून सुझॅना क्लार्कची २००४ सालची ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ द्या. (पुढच्या चार ओळींत कथानक उघडं होतंय, नको असेल तर सोडा.) त्यातला परी-पुरुष एका तरुणीला मरणातून परत आणतो, पण तिचं निम्मं आयुष्य घेऊन. रोज रात्री तिला त्याच्या उदास महालात नाचावं लागतं. ती हे सांगायला तोंड उघडते तेव्हा भलतंच काहीतरी बोलते आणि घरचे तिला वेडी समजतात. पुढे नायकाच्या बायकोला परी पळवतो आणि जागी लाकडाचा ओंडका ठेवतो. नायक ओंडक्यालाच बायको समजतो.

बॅलिव्हॅडलीत बरोबर उलटं झालं. तिथे नवऱ्यानं जिवंत बायकोला ओंडका समजलं.

मला वाटतं, चांगली गॉथिक कथा आणि अंधश्रद्धा यांतला फरक इथे सापडतो. चांगली कथा आपल्याला त्या बाईच्या आत नेऊन बसवते. मी खरं सांगतेय आणि माझ्याच घरात कुणी ऐकत नाही, ही भीती आपण तिच्यासोबत भोगतो. अंधश्रद्धा आपल्याला तिच्या खाटेभोवती उभं करते, हात दाबून धरायला.

तेव्हा मुलीनं पुस्तक मिटलं की तिला एवढंच विचारा, गोष्टीत ती बाई काय म्हणत होती आणि तिचं कुणी ऐकलं का? तिचं उत्तर मलाही नक्की कळवा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!