शेवाळ खाणारा शांत मासा घेताय? आधी टाकी बघा, मग मासा



हल्ली आपल्या घरांतली पोरं हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी मांडतात, त्यात प्रवाळ ठेवतात. थोड्या दिवसांत काचेवर, दगडांवर शेवाळ चढतं. दुकानदार म्हणतो, "शेवाळ खाणारा मासा सोडा, काम झालं." मासा महाग. आणि पुष्कळदा तो रोगाने नाही, भुकेने मरतो. शेवाळ संपलं की त्याचं जेवण संपलं, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मासळी बघून आपण जाळ्याचा आस ठरवतो ना? तसंच इथेही. शेवाळ कुठलं आणि टाकी केवढी, हे आधी बघा.

१. लॉनमोअर ब्लेनी – सुमारे १२० लिटरपासून पुढे
डोळे वर आलेले, तोंड बोथट. बघितल्यावर आपली निवटी आठवेल, पण जात वेगळी. वाढतो १३-१४ सेंटीमीटर. बारीक, फणीसारख्या दातांनी दगडावरचा पातळ थर आणि आखूड शेवाळ खरवडतो. दुसऱ्या जातीच्या माशांच्या वाटेला सहसा जात नाही, पण आपल्याच जातीशी भांडतो. म्हणून एकच ठेवा. उडी मारतो, टाकीवर जाळी हवीच.

२. कोले टँग किंवा टोमिनी टँग – ३०० लिटर आणि वर
टँगमध्ये भांडखोर पुष्कळ, त्या मानाने हे दोघे शांत. ओठांशी ब्रशसारखे दात, त्याने काचेवरचा तपकिरी थर आणि दगडावरचा गाळ साफ करतात. लांब केसाळ शेवाळ मात्र फारसं उपटत नाहीत. पोहायला लांबी लागते, छोट्या टाकीत कोंडू नका. शेपटीच्या बुडाशी सुरीसारखा काटा असतो, जाळीतून काढताना जपून.

३. फॉक्सफेस – ४५० लिटर आणि वर
पिवळाधमक, स्वभावाने गरीब. केसाळ, पानासारखं शेवाळ तोडून खातो. पण पाठीवरचे काटे विषारी! शिंगाळ्याचा काटा लागलेल्याला जास्त सांगायला नको. लागलाच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवा आणि डॉक्टर गाठा. उपाशी राहिला तर प्रवाळालाही तोंड लावतो.

आणि लाल-जांभळी बुळबुळीत साय आली असेल तर तिच्यासाठी मासा आणूच नका. ते शेवाळ नसून जिवाणू असतात, मासे ते सहसा खात नाहीत.

घेताना काय बघाल?
• दुकानात मासा खाताना दाखवायला सांगा. खात नसेल तर घेऊ नका.
• पोट आत गेलेलं, पाठ सुकलेली असेल तर सोडून द्या.
• टाकी अगदी नवी असेल तर थांबा. दगडावर पुरेसं शेवाळ धरू द्या.
• घरी आणल्यावर काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.
• शेवाळ कमी झालं की नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा क्लिपला लावून द्या. आधीपासून सवय लावलेली बरी.

शेवाळ येतं ते जास्त खाणं, जास्त उजेड आणि पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट यामुळे. मासा शेवाळ खाऊन पुन्हा त्याच पाण्यात घाण करतो. म्हणजे खाणं बेताचं घालणं आणि वेळेवर पाणी बदलणं हे काम आपलंच. मासा फक्त मदतनीस.

आता शेवटचं, पण महत्त्वाचं. मालवणला किंवा ग्रँड बेटाजवळ जाळ्यात प्रवाळाचा दगड आला, म्हणून पोरांसाठी घरी आणू नका. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघासारखेच. तुरुंगवास होऊ शकतो. जिवंत असेल तर तिथेच पाण्यात सोडा. आणि टाकीतला मासा नकोसा झाला तर तो दर्यात सोडू नका. परका मासा आणि त्याचा रोग आपल्याच पाण्यात जातो, आपलं पोट त्याच पाण्यावर आहे. दुकानात परत द्या, नाहीतर दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

तुमच्या टाकीत कुठला मासा आहे आणि तो काय खातो, कमेंटमध्ये लिहा. टाकी मांडणाऱ्या पोरांपर्यंत ही पोस्ट पोचवा.