लेवी पिंड

लेवी पिंड हे चेतापेशींच्या आत साचणारे प्रथिनांचे सूक्ष्म गोळे होत. पार्किन्सन विकाराच्या (कंपवाताच्या) बहुतेक रुग्णांच्या मेंदूत ते आढळतात. आल्फा-सायन्यूक्लीन हे प्रथिन त्यांचा मुख्य घटक आहे.

शोध

जेम्स पार्किन्सन या इंग्लिश वैद्याने १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले. जर्मन शास्त्रज्ञ फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ मध्ये रुग्णांच्या मेंदूतील हे गोळे प्रथम नोंदवले. १९१९ मध्ये कॉन्स्टँटिन त्रेत्याकॉफ यांना ते मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागात आढळले. त्यांनीच गोळ्यांना लेवी यांचे नाव दिले. त्यांतील प्रथिनाची ओळख मात्र १९९७ मध्ये पटली. त्याच वर्षी, या प्रथिनाच्या जनुकातील उत्परिवर्तनामुळे काही कुटुंबांत हा विकार आनुवंशिक झाल्याचेही दिसून आले.

निर्मिती

आल्फा-सायन्यूक्लीनमध्ये १४० अमिनो आम्ले असतात. निरोगी मेंदूत ते प्रामुख्याने चेतापेशींच्या टोकांशी असते. त्याची घडी बिघडली की रेणू एकमेकांना चिकटून तंतू तयार होतात आणि कालांतराने त्यांचे पिंड बनतात. पेशीला खरी इजा पिंडांमुळे होते की त्याआधीच्या लहान पुंजक्यांमुळे, याबाबत मतभेद आहेत. काही संशोधकांच्या मते, घातक प्रथिन एका जागी कोंडण्याचा पेशीचा तो प्रयत्न असावा.

बिघडलेले प्रथिन एका पेशीतून दुसऱ्या पेशीत पसरत असावे, असेही मानले जाते. रुग्णांच्या मेंदूत रोपण केलेल्या भ्रूणपेशींमध्येही दशकभरानंतर लेवी पिंड आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

डोपामाइन ग्राहींशी संबंध

सबस्टॅन्शिया नायग्रातील चेतापेशी स्ट्रायेटम या भागाला डोपामाइन पुरवतात. तेथील पेशींवरील ग्राही, म्हणजेच रिसेप्टर, हा संदेश स्वीकारतात. ग्राहींचे पाच प्रकार आहेत. त्यांपैकी डी-१ हालचालीला चालना देणारा मार्ग उत्तेजित करतो, तर डी-२ हालचाल रोखणाऱ्या मार्गाला आवर घालतो. डोपामाइन घटले की दोन्ही परिणाम एकाच दिशेने होतात: हालचाली मंदावतात व स्नायू ताठरतात.

उपचारांची मर्यादा

पुरवठा करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या तरी स्ट्रायेटममधील ग्राही बऱ्याच अंशी शिल्लक राहतात. उपचार त्यांवरच आधारलेले आहेत. लेवोडोपाचे मेंदूत डोपामाइनमध्ये रूपांतर होते. हे द्रव्य खाजकुइलीच्या बियांतही असते. प्रॅमिपेक्सोलसारखी औषधे ग्राहींना थेट उत्तेजित करतात. त्यामुळे लक्षणे कमी होतात, परंतु प्रथिनांचे साचणे थांबत नाही. स्मृतिभ्रंश, बद्धकोष्ठता यांसारख्या ज्या तक्रारी मुख्यतः डोपामाइनच्या अभावातून उद्भवत नाहीत, त्यांवर या औषधांचा फारसा उपयोग होत नाही.

सर्वच रुग्णांत लेवी पिंड आढळत नाहीत. पार्किन जनुकातील दोषामुळे झालेल्या विकारात ते बहुधा नसतात. याउलट, लेवी पिंडजन्य स्मृतिभ्रंश या वेगळ्या विकारातही ते आढळतात.