पहारा नसलेल्या पुळणीवरची ट्यूब

हवाई बेटांपैकी काउआईच्या उत्तर किनाऱ्यावर लुमाहाई नावाची पुळण आहे. १९५८ च्या ‘साउथ पॅसिफिक’ या चित्रपटाचं काही चित्रण इथं झालं आणि तेव्हापासून ती जगाला ठाऊक झाली. मागे हिरवेगार डोंगर, एका अंगाला नदीचं मुख, पुढे निळं पाणी. बेटाच्या काही किनाऱ्यांपुढे प्रवाळाची भिंत आहे आणि ती लाटांचा जोर मोडते. लुमाहाईला ती आड नाही. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांनी उठवलेल्या लाटा थेट इथं येऊन आदळतात. वाळूवर चढलेलं पाणी परत फिरताना माणसाच्या पायाखालची वाळू काढून नेतं. गुडघाभर पाण्यात फोटो काढायला उभा राहिलेला माणूसही त्या ओढीत सापडतो. आणि या पुळणीवर जीवरक्षक नाही.

काउआईची वस्ती पाऊण लाखाच्या आत आहे आणि पर्यटक येतात वर्षाला दहा लाखांहून अधिक. हानालेई, पोइपूसारख्या गर्दीच्या किनाऱ्यांवर जीवरक्षकांचे मनोरे आहेत, पण बेटाभोवतीच्या प्रत्येक पुळणीवर मनोरा उभारणं आणि तिथं माणूस बसवणं कुठल्याही छोट्या बेटाला परवडणारं नाही. मग २००८ च्या सुमारास स्थानिक लोकांनी एक साधी गोष्ट सुरू केली. किनाऱ्यावर खांब रोवायचा, त्यावर जीवरक्षक वापरतात ती रेस्क्यू ट्यूब टांगायची आणि ती कुलपाविना तशीच ठेवायची. गरज पडेल त्यानं ती घ्यावी. रोटरी क्लबांनी हात दिला, स्वयंसेवकांनी देखभाल अंगावर घेतली आणि बघता बघता बेटभर असे खांब दिसू लागले.

ट्यूब दिसायला अगदी साधी असते. साधारण मीटरभर लांबीचा, पाणी न शोषणाऱ्या फोमचा लवचीक पट्टा, वर भडक रंगाचं आवरण. एका टोकाला आकडी, दुसऱ्या टोकाला कडी आणि तिथूनच निघालेली दोन-एक मीटरची दोरी. दोरीच्या शेवटी पट्टा असतो, तो एका खांद्यावरून तिरपा घालायचा. पोहताना ट्यूब मागून तरंगत येते. बुडणाऱ्याजवळ पोचल्यावर त्याला हात द्यायचा नाही, ट्यूब पुढे ढकलायची. त्यानं ती छातीशी धरली की मागून काखेखालून वळवून आकडी कडीत अडकवायची. आता तो तरंगतो आणि वाचवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात.

या यंत्रणेचं मर्म त्या दोन मीटर दोरीत आहे, असं मला वाटतं. बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याचा गळा धरतो, खांद्यावर चढतो. त्यात त्याचा दोष नाही, श्वासासाठी शरीर जे करायचं ते करतं. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बाप मुलासाठी उडी घेतो, मित्र मित्रासाठी. ट्यूब त्या दोघांमध्ये अंतर ठेवते आणि दोघांनाही तरंगत ठेवते.

अशा साधनाचा शोध एका माणसाच्या नावावर नाही. १८९७ मध्ये कॅप्टन हेन्री शेफील्ड यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये दोन्ही टोकं निमुळती असलेला धातूचा डबा बनवला. तो पाण्यातून झपकन जायचा, पण लाटेत डोक्यावर आदळला की जखम करायचा. साधनाबरोबर ते वापरणारा जीवरक्षकही घडत होता. हवाईतच जन्मलेला जॉर्ज फ्रीथ १९०७ मध्ये कॅलिफोर्नियाला गेला. पुढच्याच वर्षी डिसेंबरच्या वादळात व्हेनिसच्या किनाऱ्याजवळ त्यानं जपानी कोळ्यांचे प्राण वाचवले आणि त्यासाठी त्याला अमेरिकी सरकारचं जीवरक्षणाचं सुवर्णपदक मिळालं. जीवरक्षण हा शिकण्याचा धंदा आहे हे लोकांच्या मनावर ठसवणाऱ्यांत तो अग्रणी होता. १९३५ च्या सुमारास सांता मोनिकाच्या पीट पीटरसन यांनी हवा भरायची मऊ ट्यूब काढली. पुढे हवेच्या जागी फोम आला आणि आज आपण पाहतो ती ट्यूब तयार झाली.

खांबांवर आक्षेपही घेतले गेले. शिकलेल्याचं साधन न शिकलेल्याच्या हाती दिलं तर तो जास्तच धाडस करील, ही भीती खोटी नाही. पण किनाऱ्यावर उभा असलेला बाप ट्यूब नाही म्हणून थांबत नाही. तो जाणारच आहे, मग मोकळ्या हातांनी का जावं? पोहता न येणाऱ्यानं मात्र पाण्यात शिरूच नये. आधी मदतीला फोन करावा, ट्यूब फेकावी आणि बुडणाऱ्यावरची नजर हलवू नये. समुद्रात डोकं एकदा दिसेनासं झालं की जागा सापडणं फार कठीण.

काही गोष्टी ट्यूबच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. हवाईत पर्यटकांच्या बुडण्यात स्नॉर्कलिंगचा वाटा मोठा आहे. नळीतून ओढून ओढून श्वास घेताना फुप्फुसांवर ताण येतो, त्यांत शरीरातलंच पाणी उतरू शकतं आणि माणूस हातपाय न मारता, हाक न देता निपचित होतो, असं तिथल्या अभ्यासातून पुढे आलं आहे. काठावरून पाहणाऱ्याला वाटतं, मासे बघतोय. तिथं आधीची समजच उपयोगाची. ओआहूवरच्या हनौमा उपसागरात २००२ पासून नव्या पर्यटकाला पाण्यात उतरण्यापूर्वी एक छोटी चित्रफीत पाहावी लागते. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. अशीच समज लाटांबद्दलही हवी. लाटांमधली शांत, गडद पट्टी पाहून नवखा तिथंच उतरतो, कारण तिथं लाट फुटत नाही. पण पाणी आत परत जाण्याची वाट, म्हणजे रिप करंट, बहुतेकदा तीच असते. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झगडू नये. तरंगावं, हात वर करावा, जमेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावं.

ट्यूब आपल्याकडे अनोळखी नाही. गोव्यात २००८ पासून ‘दृष्टी’ या खासगी कंपनीचे जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात आणि त्यांच्या हाती हीच ट्यूब दिसते. कोकणात मात्र पुळणी अनेक, पहारा मोजक्या ठिकाणी. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडला सहलीला आलेली पुण्याची चौदा मुलं बुडाली, तेव्हापासून सूचनाफलक वाढले. फलक हवेतच, पण बुडणाऱ्याकडे फलक फेकता येत नाही. आजही हाक ऐकून आधी धावतात ते जवळचे कोळी, बोटवाले, टपरीवाले. त्यांच्या हाताशी काही तरी तरंगणारं असायला हवं. ग्रामपंचायतीनं खांब रोवावा, समोरच्या होमस्टेवाल्यानं रोज सकाळी ट्यूब जागेवर आहे का ते पाहावं आणि उन्हानं फोम कडक झाला की ती बदलून घ्यावी. ट्यूब येईपर्यंत घट्ट बुचाचा वीस लिटरचा रिकामा कॅन, मुठीला लांब दोरी बांधून, खांबाला टांगून ठेवता येईल. तो आजही गावात मिळतो.